ट्रान्स्फर केस, १४ पानी करार आणि टायरची नक्षी: वापरलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या वॉरंटीचं एक प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा ती पार्किंगमधून गाडी बाहेर काढत होती. "स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळते रे. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. आणि थरथरते." मी तिला एकच विचारलं, किती चाकांवर चालवायचं ते ठरवणारा नॉब कुठे आहे? "ऑटोवर. तिथेच असतो कायम." टू-हायवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर टाक आणि तेच वळण पुन्हा घे, म्हटलं. दोन मिनिटांनी तिचा आवाज आला, "गेलं."

त्या एका शब्दात बिघाडाची जागा कळली. पुढची चाकं जोडली गेली की त्रास आणि सुटली की गाडी मोकळी, म्हणजे संशय ट्रान्स्फर केसवर. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या धुरीकडे वाटून देणारा हा डबा. फक्त दोनच चाकांना ताकद देणाऱ्या, टू-व्हील ड्राइव्ह गाडीत तो नसतोच. मला पुढचा प्रश्न सुचला तो दुरुस्तीचा नव्हता. मी विचारलं, "वॉरंटीचे कागद कुठे आहेत?"

मी बरीच वर्षं वर्कशॉपच्या काउंटरवर क्लेमचे अर्ज भरले आहेत, नाकारलेल्या क्लेमची पत्रं लोकांच्या हातात ठेवली आहेत. लोक वॉरंटीची किंमत बिघाड झाल्यावर मोजायला बसतात. ती ठरलेली असते गाडी घेतली त्या दिवशी, कागदावर काय लिहिलं गेलं त्यावरून. ताईच्या प्रकरणात हे इतकं स्वच्छ दिसलं, की तिच्या परवानगीने ते पूर्ण मांडतो आहे.

गाडी आणि कागद

गाडी शिडीसारख्या चासीवरची, एरवी मागच्या चाकांवर चालणारी, नॉबला चार जागा असलेली: टू-हाय, ऑटो (गरजेनुसार पुढची चाकंही), फोर-हाय (चारही चाकं), फोर-लो (चारही, हळू पण जास्त जोराने). घेतली तेव्हा ८६,००० किलोमीटर चाललेली. उत्पादकाची मूळ वॉरंटी संपून गेलेली. वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याने सोबत एक योजना विकली: १२ महिने किंवा १५,००० किलोमीटर, जे आधी होईल ते.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. बोलताना आपण सगळ्यालाच वॉरंटी म्हणतो, पण वापरलेल्या गाडीबरोबर तीन वेगळ्या वस्तू येऊ शकतात. उत्पादकाची उरलेली वॉरंटी ही त्यातली सर्वांत भक्कम. ती बहुधा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण मालकी बदलल्याची नोंद वेळेत करावी लागते का, ते पाहावं लागतं. दुसरी उत्पादकानेच पैसे घेऊन वाढवून दिलेली मुदत. आणि तिसरी, ताईची, म्हणजे त्रयस्थ कंपनीचा दुरुस्ती-करार. तो विमा-पॉलिसीच्या जवळचा असतो: कोणते भाग, किती रकमेपर्यंत, कोणत्या अटींवर. रिकॉल हा या तिन्हींच्या बाहेरचा विषय आहे. उत्पादकाने सुरक्षेच्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर ते काम साधारणपणे फुकट होतं, मालक कितवा आहे हे पाहिलं जात नाही. चासी नंबर टाकून ते आधीच तपासावं. ताईने तपासलं होतं, काही बाकी नव्हतं.

घेताना ताईने मला माहितीपत्रकाचा फोटो पाठवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत "इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्हट्रेन". मी म्हटलं, माहितीपत्रक नको, करार पाठव. करार १४ पानांचा होता. विक्रेत्याने तो "नंतर ईमेलवर येईल" असं सांगितलं होतं. ताई हटून बसली आणि समोर छापून घेतला.

त्यातली भागांची यादी मी बोट ठेवून वाचली. अशा यादीचे दोन प्रकार असतात. एकात फक्त लिहिलेले भाग येतात, दुसऱ्यात लिहिलेले भाग सोडून बाकी सगळे. ताईची यादी पहिल्या प्रकारची होती, म्हणजे जे लिहिलं नाही ते नाही. अशा यादीत नुसतं "इंजिन व गिअरबॉक्स" असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी टू-व्हील ड्राइव्हचं संरक्षण विकत घेतलं असं समजावं. कारण जास्तीचे भाग सगळे त्या यादीबाहेर आहेत: ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरेन्शिअल (धुरीवरच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या धुरीकडे ताकद नेणारा दांडा), पुढच्या चाकांचे शाफ्ट आणि त्यांचे जॉइंट. लोक फोर-व्हील ड्राइव्ह घेतात ती या भागांसाठी, आणि वापरलेल्या गाडीत भीती असते तीही यांचीच.

ताईच्या यादीत नवव्या पानावर ओळ होती: "ट्रान्स्फर केस: आत वंगणात चालणारे सर्व भाग." दोन्ही डिफरेन्शिअलपुढेही तेच. ऑइल सील आणि गॅस्केट फक्त मंजूर दुरुस्तीचा भाग म्हणून. ही ओळ पाहून मी घे म्हटलं. त्या ओळीत काय नव्हतं तेही तेव्हाच दिसलं होतं, त्याकडे नंतर येतो.

आणखी एक कागद होता, ज्याला तेव्हा आम्ही दोघांनीही महत्त्व दिलं नाही. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने भरलेला तपासणी-तक्ता. एक पान, ४० चौकटी, सगळ्यांत बरोबरची खूण. टायरच्या चौकटीत मात्र कोणीतरी प्रामाणिक माणसाने खोलीमापकाने नक्षीची खोली मिलिमीटरमध्ये मोजून आकडे लिहिले होते: पुढे ८, ८, मागे ३.५, ३.५. आणि पुढे "योग्य".

आत काय झालं असावं

कायद्याच्या नजरेने ३.५ मिलिमीटर नक्षी योग्यच होती. अनेक देशांत किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पण ऑटोवर चालणाऱ्या ट्रान्स्फर केसला एकेका टायरच्या नक्षीपेक्षा चारही टायरमधला फरक महत्त्वाचा असतो.

हिशोब करून पाहा. टायरचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर धरला तर नव्या टायरला एक किलोमीटर जायला सुमारे ४५५ फेरे लागतात. साडेचार मिलिमीटर जास्त घासलेल्या टायरला सुमारे ४६१. म्हणजे दर किलोमीटरला मागची चाकं पुढच्यांपेक्षा ६ फेरे जास्त फिरतात, सरळ, कोरड्या रस्त्यावरसुद्धा. टू-हायमध्ये याने काही बिघडत नाही, कारण पुढची धुरी सुटलेली असते. ऑटोमध्ये मात्र दोन धुऱ्यांच्या मध्ये क्लचच्या चकत्यांची चवड असते आणि संगणक ती गरजेनुसार दाबतो. गरज तो कशावरून ओळखतो? मागची चाकं पुढच्यांपेक्षा जोरात फिरताहेत का, यावरून. मागचे टायर घासलेले असले की त्याला मागची चाकं घसरल्याचा भास होऊ शकतो. मग तो क्लच दाबतो, आणि घसरण नसलेल्या ठिकाणी दाबलेल्या चकत्या एकमेकींवर घासत राहतात. उष्णता वाढते, तेल जळतं, चकत्या पकडत-सोडत थरथरतात. तीच ती ताईची थरथर.

ताईने ७ महिन्यांत ९,००० किलोमीटर गाडी चालवली होती, बहुतेक ऑटोवर. विक्रेत्यानेच तिला सांगितलं होतं, "मॅडम, ऑटोवरच ठेवा, बाकी गाडी बघून घेते." ६ गुणिले ९,०००, म्हणजे ५४,००० फेऱ्यांचा फरक त्या चकत्यांच्या वाट्याला आला असणार. एवढ्याने प्रत्येक गाडीत बिघाड होतोच असं मी म्हणणार नाही. पण या गाडीत तो झाला होता.

क्लेम

गाडी वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेतली. मेकॅनिकने ट्रान्स्फर केसचा ड्रेन प्लग सोडला. तेल काळंकुट्ट आलं, जळका वास, आणि प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा बारीक किस ओल्या काजळीसारखा चिकटलेला. मेकॅनिक अनुभवी होता. म्हणाला, "खोलतो, संध्याकाळपर्यंत सांगतो."

मी थांबवलं. या प्रकरणात आम्ही केलेलं सगळ्यात मोलाचं काम हे, काहीही न उघडणं. जवळजवळ प्रत्येक करारात असतं की मंजुरीआधी भाग खोलला तर क्लेम नाही. त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण खोलल्यावर बिघाडाचं कारण दिसायची जागाच उरत नाही. आम्ही स्वच्छ बाटलीत तेलाचा नमुना भरला, तारीख आणि किलोमीटर लिहून झाकण सील केलं, चुंबकाचा जवळून फोटो काढला, नवं तेल घालून प्लग बंद केला आणि कंपनीला कळवलं. ९५,०४० किलोमीटर, सातवा महिना. दोन्ही मर्यादांच्या आत.

तेलाचा नमुना लगेच कामी आला. पाहणीला आलेल्या माणसाने खाली वाकून चासीवरचा वाळलेला चिखल पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाण्यातून काढली होती का?" करारात पाणी शिरल्याने झालेलं नुकसान वगळलेलं होतं. हा कळीचा प्रश्न आहे. ट्रान्स्फर केस आणि डिफरेन्शिअल यांना श्वास घ्यायला नळी असते. तापलेला डबा थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, आणि नळी तुंबलेली असेल किंवा तिचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं. ताईचं तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं. बाटली समोर ठेवली, प्रश्न मिटला.

चिखलाचा दुसरा अर्थही निघू शकला असता: रस्ता सोडून वापर. ताई कच्च्या रस्त्याने जाते, रोज. फोर-व्हील ड्राइव्ह तिने त्यासाठीच घेतली. ही अट मला सगळ्यात जास्त खटकते. गाडी ज्या कामासाठी बनवली आणि विकली, तेच काम केल्यावर संरक्षण काढून घेणारी ही ओळ कित्येक करारांत असते, आणि "रस्ता" म्हणजे काय याची व्याख्या बऱ्याचदा कुठेच नसते. ताईच्या करारात "शर्यती, स्पर्धा आणि रस्ता नसलेल्या जागी वापर" एवढंच होतं. घेताना तिने ईमेलवर एका ओळीत विचारून ठेवलं होतं: वस्तीकडे जाणारा विनाडांबरी कच्चा रस्ता चालेल का? उत्तर आलं होतं: चालेल. तो ईमेल दाखवल्यावर पुढे वाद झाला नाही.

नंतर पाहणाऱ्याने खिशातून खोलीमापक काढला. पुढे ६.५, मागे २. त्याने ते लिहून घेतलं, आणि मला कळलं पत्र कसं येणार.

आठव्या दिवशी पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारणं तीन: नैसर्गिक झीज; असमान टायर वापरल्याने मालकाचा निष्काळजीपणा; सर्व्हिसच्या नोंदी अपुऱ्या.

बहुतेक लोक इथे सोडून देतात. ताई रडकुंडीला आली होती, "जाऊ दे रे, त्यांच्याशी कोण भांडणार." मी म्हटलं, भांडायचं नाही, कलमं विचारायची. प्रत्येक कारणासमोर कराराचं कलम आणि त्याचा पुरावा लेखी द्या, एवढंच पत्र तिने पाठवलं.

सर्व्हिसच्या नोंदींबाबत आमची बाजू खरंच लंगडी होती, हे मान्य करतो. ताईकडे दोन बिलं होती. एकावर नुसतं "सर्व्हिस केली" आणि रक्कम. ना किलोमीटर, ना तेलाची श्रेणी, ना गाडीचा नंबर. असं बिल क्लेमच्या फायलीत कोऱ्या कागदासारखंच. दुसरं बिल नीट होतं: किलोमीटर, चासी नंबर, इंजिन ऑइलची श्रेणी, आणि खाली "ट्रान्स्फर केस व दोन्ही डिफरेन्शिअल तेल पातळी तपासली, ठीक". उत्पादकाच्या वेळापत्रकाप्रमाणे त्या टप्प्यावर ट्रान्स्फर केसचं तेल बदलायचं नव्हतंच, फक्त तपासायचं होतं. त्या एका ओळीने तिसरं कारण पडलं. ती लिहिणारा मुलगा कोण होता माहीत नाही, पण त्याचे आभार मानावेसे वाटतात.

झीज की अचानक बिघाड, हा वाद वापरलेल्या गाडीत कायम राहणार. ८६,००० किलोमीटर चाललेल्या गाडीत प्रत्येक भाग थोडा झिजलेलाच असतो. त्यामुळे झीज हे कारण सरसकट लावलं तर वापरलेल्या गाडीची वॉरंटी विकण्यालाच अर्थ उरत नाही. कंपनीच्याच करारात मात्र झिजेची व्याख्या दिलेली होती: भागाच्या अपेक्षित आयुष्याच्या अखेरीस हळूहळू होणारी घट. ७ महिन्यांत जळालेल्या चकत्या त्यात बसत नव्हत्या, आणि तसं वर्कशॉपने लेखी दिलं.

उरलं टायरचं कारण. तांत्रिकदृष्ट्या कंपनी बरोबर होती. बिघाडाचं मूळ तिथेच होतं. मग तो एका पानाचा तपासणी-तक्ता बाहेर काढला. ८, ८, ३.५, ३.५, योग्य. खाली विक्रेत्याचा शिक्का. आणि कराराच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं: योजना लागू होण्यासाठी अधिकृत विक्रेत्याची तपासणी बंधनकारक, आणि ती कंपनीच्या वतीने केली जाते. म्हणजे फरक गाडी ताब्यात देतानाच साडेचार मिलिमीटरचा होता, कंपनीच्या माणसाने तो मोजला होता आणि योग्य ठरवून गाडी योजनेत घेतली होती. ७ महिन्यांनी ६.५ आणि २. फरक तेवढाच, साडेचार. ताईने एकही टायर बदललेला नव्हता. तिचा निष्काळजीपणा कशात?

यावर ते "आधीपासूनचा दोष" या कलमाकडे वळू शकले असते. पण त्या कलमात "तपासणीत आढळू न शकलेला" असे शब्द होते, आणि हा तर तपासणीत आढळून, आकड्यांत लिहिला गेला होता. फेरविचार झाला. १९ व्या दिवशी मंजुरी आली.

हिशोब

गाडी एकूण २६ दिवस उभी होती. पर्यायी गाडीची तरतूद करारात नव्हती, ते दिवस ताईने इतरांच्या मदतीवर काढले. त्याची किंमत मी धरत नाही, पण ती होतीच.

बाकी आकडे प्रमाणात सांगतो, कारण रकमा जागोजागी बदलतील. योजनेची फी १ भाग धरली, तर ट्रान्स्फर केसच्या दुरुस्तीचा खर्च २.८ भाग आला. त्यातले २.४ कंपनीने दिले. उरलेले ०.४ ताईचे, कारण मजुरीचा दर करारात बांधलेला होता आणि वर्कशॉपचा दर त्याच्या वर होता, तेलही वगळलेलं. चार टायर एकसारखे नवे घ्यावेच लागले, १.२ भाग. तक्ता दाखवल्यावर विक्रेत्याने त्यातला अर्धा खर्च उचलला.

तीन आठवड्यांनी डॅशबोर्डवर फोर-व्हील ड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागला. ट्रान्स्फर केसच्या कुशीत काही बोल्टवर बसवलेली छोटी विद्युत मोटर, जी नॉबचा हुकूम ऐकून क्लच दाबते, ती गेली होती. खर्च ०.७ भाग. हा क्लेम नाकारला गेला आणि योग्यच नाकारला गेला. "आत वंगणात चालणारे भाग" असं ती ओळ म्हणत होती. मोटर बाहेर होती, कोरडी होती, विजेवरची होती. घेताना मला हे दिसलं होतं आणि मी ते सोडून दिलं होतं. आता कोणी विचारलं तर मी आधी हेच शोधायला सांगतो: मोटर, सेन्सर, कंट्रोल युनिट, वायरिंग. आजच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये दातेरी चाकांइतकेच हे भागही बंद पडतात, आणि यादीत ते नसण्याची शक्यताच जास्त.

सगळं मिळून ताईने फीसकट २.७ भाग दिले. योजना नसती तर ४.१ दिले असते. आणि योजना असून पहिलं नकारपत्र मुकाट्याने स्वीकारलं असतं, तर ५.१. याच शेवटच्या आकड्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. त्याच गाडीला, त्याच बिघाडाला, त्याच कराराला २.७ आणि ५.१ अशा दोन किमती होत्या. मधलं अंतर एका तपासणी-तक्त्याने, एका नीट बिलाने, एका ईमेलने आणि न उघडलेल्या डब्याने कापलं.

मुदत संपताना कंपनीने नूतनीकरणाचा प्रस्ताव पाठवला. गाडी लाखाच्या पुढे गेली होती, म्हणून वर्ग बदललेला. फी वाढलेली, दर क्लेमची मर्यादा घटलेली, आणि यादी आखूड: इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरेन्शिअल. ट्रान्स्फर केसची ओळ गायब. या वेळी ताईने मला न विचारताच नवव्या पानापर्यंत वाचलं होतं. तिने नकार कळवला आणि फीइतकी रक्कम गाडीच्या नावाने बाजूला ठेवली.

खोलीमापक आता तिच्या गाडीच्या कप्प्यात असतो. कोरड्या रस्त्यावर नॉब टू-हायवर, चढणीच्या कच्च्या रस्त्याला लागली की ऑटोवर. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला: "पुढे ७.५, मागे ७. चालेल ना?" चालेल, मी लिहिलं, पण आता पुढचे मागे घेऊन टाक.